मेश्रामकाकांचं बार्नहीड

कॅनडातल्या विनिपेगमध्ये कुठल्याही मराठी घरात पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण असलं, की मेश्रामकाका सगळ्यांना जय भीम करतात, बूट काढतात आणि थेट बेसमेंटमध्ये उतरतात. वर मोठी माणसं मॉर्गेज आणि विंटर टायर यांवर बोलत असतात, खाली पोरं पिझ्झा खात असतात. काकांनी सत्तरी केव्हाच ओलांडली आहे.

कुणी हटकलं, की उत्तर ठरलेलं. "मी बार्नहीडमदी आहो, बाबू."

शेजारच्या स्कॉटिश म्हाताऱ्याने त्यांना एक जाडजूड शब्दकोश दिला, तिथून हे लचांड सुरू झालं. बार्नहीड म्हणजे जुन्या स्कॉट्स भाषेत बालपण. शेकडो वर्षांपूर्वी तिथे बालिशपणालाही हाच शब्द होता, हे काका अशा थाटात सांगतात, की त्यांचे पूर्वज नागपूरचे नसून एडिनबरोचे असावेत. आता हा शब्द तिकडेही कुणी वापरत नाही, असं मी एकदा सुनावलं.

"म्हणूनच मी वापरून राह्यलो," ते म्हणाले.

पोरांवर त्यांचा दरारा शून्य. पत्त्यांत राजरोस चीटिंग करतात आणि पकडले गेले की रुसून बसतात. पोरं इंग्रजीत भांडतात, काका वऱ्हाडीत.

यंदाच्या हिवाळ्यात पॉटलक आमच्याकडे होतं. पोरं एव्हाना मोठी झालेली, कुणी युनिव्हर्सिटीत, कुणी नोकरीवर. बेसमेंटमध्ये कुणीच उतरलं नाही, काका तेवढे सवयीने गेले. मी डोकावलो, तर रिकामी प्लेट मांडीवर घेऊन एकटेच बसलेले. थट्टा करायची हुक्की आली होती, ती जागीच जिरली.

मग त्यांनीच सांगितलं. वडील लवकर गेले, हे घरात थोरले. वस्तीत कुणाचंही लग्न असो, आईबरोबर राबायला जायचे.

"पोराईची पंगत पयले बसे. मी पाणी वाढत होतो. त्या पंगतीत मी कधी बसलोच नाही, बाबू."

मी वरून पिझ्झा, माझ्यासाठी प्लेट, दोन पेले आणि पाण्याचा जग घेऊन आलो. काका चटकन उठले आणि माझ्या हातातला जग घेऊ लागले.

"बसा काका," मी म्हटलं. "पोरांनी वाढायचं नसतं."

ते मांडी घालून बसले. मी पाणी वाढलं, पिझ्झा वाढला आणि शेजारी बसलो. काकांनी आपल्या तुकड्यावरचे ऑलिव्ह एकेक करून वेचले आणि गुपचूप माझ्या प्लेटमध्ये टाकले.