धाकट्याचा सीलबंद दिवा

धाकट्या साडूच्या इलेक्ट्रिक गाडीचा डावा हेडलाइट गेला, ही बातमी थोरल्यांना आपल्या चष्म्याच्या दुकानात कळली आणि त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला न मागता सूट देऊन टाकली.

तसं कारणही होतं. आजवर सासरेबुवांना कुठेही जायचं झालं, की फोन थोरल्यांनाच यायचा. "थोरले, गाडी काढता का?" मग थोरल्यांची जुनी पेट्रोलची गाडी, पुढच्या सीटवर सासरे आणि सगळ्या सासरवाडीत थोरल्यांचा मान. पण धाकट्याने ती निळी, आवाज न करणारी गाडी आणली आणि सासरे पहिल्याच फेरीत तिच्यात झोपी गेले. उतरताना म्हणाले, "पोचलो? कळलंच नाही हो!" तेव्हापासून थोरल्यांना त्यांचा फोन फक्त चष्म्याची काडी सैल झाली की येई.

थोरले दुकान बंद करून धाकट्याबरोबर सर्व्हिस सेंटरला गेले. "अशा वेळी आपलं माणूस बरोबर हवं," ते म्हणाले.

"बल्ब बदलून द्या," धाकटा काउंटरवर म्हणाला.

"यात बल्ब नसतो सर," तिथला माणूस म्हणाला. "एलईडी आहे, सगळं सीलबंद. सील सुटलंय, आत ओल जाऊन सर्किट गंजलंय. अख्खा दिवाच बदलायला लागेल."

"अहो, दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत गाडीला!"

"त्यासाठी बंपर उतरवावा लागत असेल, नाही?" थोरल्यांनी आस्थेने विचारलं.

"लागतो ना."

"आणि नवा दिवा गाडीच्या कम्प्युटरला ओळखीचा करून द्यावा लागेल?"

"हो, त्या कोडिंगचे वेगळे."

"आणि वॉरंटीत…" थोरल्यांनी श्वास रोखला.

"पाणी शिरलं तर नाही बसत."

मग आकडा आला. धाकटा मटकन खुर्चीत बसला. थोरल्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना स्वतःच्या पैशांनी चहा सांगितला. दिवा यायला महिना तरी लागणार होता.

घरी येताच त्यांनी सासऱ्यांना फोन लावला. आकडा सासऱ्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतला.

"एका दिव्याला एवढे?"

"हो ना! मी म्हणतच होतो…"

"बाप रे! मग अख्खी गाडी काय भारी असेल!"

थोरल्यांनी फोन ठेवला. शेजारी बसलेली बायको हिशेबात गढली होती. "अहो, आपली गाडी विकून तो दिवा येईल का हो?"

"येईल की!"

"दोन्ही दिवे?"

थोरल्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी मामेसासऱ्यांनी गावाबाहेरच्या नव्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. पोचेपर्यंत अंधार पडणार होता. थोरल्यांनी गाडी पुसून, पुढची सीट मागे सरकवून ठेवली आणि जाहीर केलं, "एका दिव्यावर जाणं धोक्याचं. सगळे माझ्या गाडीत या."

"तुमची फार हलते हो," सासरे म्हणाले. "असं करू. तुम्ही पुढे चला, आम्ही तुमच्या मागोमाग येतो."

"मीही धाकट्या बहिणीबरोबर त्यांच्याच गाडीत बसते," बायको म्हणाली. "तेवढ्याच गप्पा होतील."

थोरले एकटेच निघाले. प्रत्येक खड्डा आधी त्यांनी खाल्ला, म्हणजे मागच्यांना तो चुकवता येई. आरशात एक दिवा, आणि अंधार पडेपर्यंत त्यामागे चौघांचं हसणं दिसत होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

फाटकात मामेसासरे उभे होते. त्यांनी थोरल्यांना हाताने बाजूला घ्यायची खूण केली आणि ते थेट मागच्या गाडीकडे गेले. पाठोपाठ सगळं घर मोबाइलचे टॉर्च लावून बाहेर आलं.

"हाच का तो?"

"हाच," धाकटा म्हणाला. आठवडाभर उतरलेला त्याचा चेहरा आता चांगलाच खुलला होता. "लांबून बघा हं, सीलबंद आहे."

एका मावशींनी तर दिव्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोत मध्ये येत होते म्हणून थोरल्यांना दोनदा सरकावं लागलं.

सोमवारी ते आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गेले.

"दिवे बघ रे जरा."

गॅरेजवाल्याने चालू केले, बंद केले. "ठणठणीत आहेत की. काय होतंय?"

"काही होत नाहीये, तेच तर बघ म्हणतोय. सीलबंद वगैरे काही बसतं का यात? खर्चाचं असलं तरी चालेल."

गॅरेजवाल्याने हात पुसले. बॉनेट उघडून आत पाहिलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मोठ्या मायेने म्हणाला, "साहेब, तुम्ही खुशाल झोपा. महागात पडेल असं या गाडीत काही बिघडूच शकत नाही!"

थोरल्यांना इतकं जिव्हारी लागेल असं आजवर कुणीच बोललं नव्हतं.