सासूबाईंना पाणी बाधतं

पाण्यातलं मला कळतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. घरात नळ गळला की सगळे माझ्याकडेच बघतात. (बघून प्लंबरला फोन करतात, ती गोष्ट वेगळी!)

दुसरं मला कळतं ते चहातलं. आमच्याकडे सकाळचा चहा मीच करतो. आधण ठेवायचं, पावडर टाकायची, गॅस चालू ठेवून निवांत अंघोळीला जायचं आणि परत आल्यावर गाळायचा! चहा कसा मुरला पाहिजे.

तर झालं काय, बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली. बाळाला सांभाळायला सासूबाई येऊन राहिल्या तर ठीक, नाहीतर बायकोला नोकरीवर पाणी सोडावं लागणार. पण सासूबाई आमच्याकडे दोन दिवसांच्या वर कधी टिकल्याच नाहीत. पहिल्या सकाळी मी कौतुकाने चहा पुढे करायचो. त्या एक घोट घ्यायच्या, कप खाली ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "जावईबापू, इथलं पाणी मला बाधतं हो." दुसऱ्या दिवशी बॅग भरलेली!

"आता काय करायचं रे?" बायको रडकुंडीला आली.

"मी आहे ना!" मी म्हणालो. तिला आणखीच रडू आलं.

नळाचं पाणी बाटलीत भरून मी थेट लॅब गाठली. तिथल्या बाईंनी तपासून सांगितलं, "जंतू नाहीत. क्लोरीनचा वास आहे आणि जुन्या पाइपचा थोडा गंज. साधा कार्बनचा फिल्टर पुरे."

"आणि शिसं?"

"नाही."

"आर्सेनिक?"

"नाही हो!"

"निदान जडपणा तरी?"

"बेताचाच आहे."

खरं सांगतो, मी जरा खट्टू झालो. एवढी तपासणी करायची आणि साधा फिल्टर? छे! मी दुकानातलं सगळ्यात मोठं यंत्र उचललं. जे पाण्यात नव्हतं तेही ते काढून टाकणार होतं! यंत्र बसवायला माणूस परवा येणार होता आणि सासूबाई तर उद्याच येणार होत्या. म्हटलं, त्यात काय मोठंसं? मीच बसवतो! बाहेर पडणाऱ्या नळ्या दोनच. शुद्ध पाण्याची पिंपात सोडायची, टाकाऊ पाण्याची बादलीत. बादलीतलं पाणी फरशी पुसायला! दोन्ही नळ्या पांढऱ्याच होत्या, पण म्हटलं ना, पाण्यातलं मला कळतं.

सासूबाई आल्या. यंत्राचे दिवे बघण्यात माझी सकाळ जायला लागली, त्यामुळे चहा त्याच करायच्या. दोन दिवस झाले. चार झाले. आठवडा उलटला तरी बॅग माळ्यावरच!

"आई, पाणी कसं आहे?" मी रोज विचारायचो.

"छान आहे हो!"

बायको कामावर रुजू झाली. बाळ आजीच्या मांडीवर खिदळायला लागलं. फरशी तर अशी लखलखायला लागली की भांग पाडून घ्यावा! स्वयंपाकघराच्या खिडकीतलं झाड वर्षभर मान टाकून बसलं होतं, त्यालाही पालवी फुटली. बघा, शुद्ध पाण्याची किमया! माझी छाती फुगली ती उतरेचना.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! पाण्यातले क्षार मोजायची पेनासारखी कांडी मिळते, ती आणली आणि वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना पुरावा दाखवायला बोलावलं. फार सज्जन माणूस. पित्तामुळे आमच्याकडे चहा घेत नाहीत, तेवढंच.

"हे नळाचं पाणी," मी कांडी बुडवली. "दोनशे! आणि आता बघा हं, हे पिंपातलं शुद्ध पाणी..."

"चारशे," वकीलसाहेबांनी वाचलं.

"कांडी बिघडलीय!"

"ती बादली बघू," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना उलटतपासणीची सवय! बादलीत बुडवली. वीस!

बाळाला कडेवर घेऊन सासूबाईही बघायला आल्या. "नळ्यांची अदलाबदल झालीय," वकीलसाहेबांनी निकाल दिला. आठवडाभर आम्ही टाकाऊ पाणी प्यायलो होतो आणि फरशीला शुद्ध पाणी पाजलं होतं! तेवढ्यात बायको कामावरून आली आणि ते ऐकून दारातच थिजली. आता आई जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"आई, चुकलो!" मी हातच जोडले. "नळ्या आत्ता बदलतो. दुसरा फिल्टर आणतो. पण जाऊ नका हो! हिची नोकरी जाईल!"

सासूबाई आधी गांगरल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अहो, मी कुठे जातेय? मला पाणी कधीच बाधलं नाही."

"मग दर वेळी ते..."

"आता जावयाला कसं सांगायचं हो? तो... तो तुमचा चहा..."

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"तू तर रोज पितेस!"

"झाडाला घालते," ती पुटपुटली.

"अगंबाई, तूसुद्धा?" सासूबाई म्हणाल्या. "मीही तिथेच ओतायचे!"

मी खिडकीतल्या झाडाकडे पाहिलं. बिचारं! वर्षभर एकट्याने माझा चहा पचवत होतं. रागवावं की हसावं तेच मला कळेना. पण बायको आईच्या गळ्यात पडून हसत होती, बाळही टाळ्या पिटत होतं, मग मीही हसून घेतलं. नळ्या मुकाट्याने बदलल्या. सासूबाईंनी पिंपातलं जुनं पाणी ओतून टाकलं, नवं भरू दिलं आणि आधण ठेवलं.

"माझाही अर्धा कप टाका," वकीलसाहेब खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

"अहो, पण तुमचं पित्त?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गॅसपाशी उभ्या असलेल्या सासूबाईंकडे.

"आजपासून," ते म्हणाले, "जरा उतार आहे."