सतरा नंबरचा नट

पाव्हणे बारा वाजता येणार होते आणि महालिंगप्पांच्या मोटरसायकलखाली सकाळीच रुपयाएवढा काळा डाग पडला होता.

"अहो, तेवढी गाडी घरामागं लावा की," इरम्मा म्हणाली. लेकीला, निकिताला बघायला भूमहून माणसं यायची म्हणून तिनं पहाटे उठून अंगण सारवलं होतं आणि दोन हंसांची रांगोळी काढली होती.

गाडी मागं लावायला दोन मिनिटं लागली असती. महालिंगप्पांना हा उपाय फारच किरकोळ वाटला. अणदुरात त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीचा पट्टा ते स्वतः बसवत, आणि ज्याला पट्टा बसवता येतो त्याला कुठलंही यंत्र कळतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"ऑइलच्या नटाचं वायसर गेलंय," त्यांनी खाली वाकून निदान केलं. "नट काढायचा, वायसर बदलायचं, नट लावायचा. धा मिन्टं."

तेल धरायला त्यांनी स्वयंपाकघरातून परात आणली. इरम्मानं ती आल्या पावली परत नेली, कारण पुरणपोळीची कणीक तिच्यातच मळायची होती. घमेलं गिरणीत होतं. नट जरा सैल करू, मग घमेलं आणू, असा विचार करून महालिंगप्पा गाडीखाली आडवे झाले.

सतरा नंबरचा पाना बसला, पण नट हलेना. दुसऱ्या झटक्याला पाना सटकला आणि बोटाची सालं निघाली. डिझेल सोडून पाहिलं, नटाला चार शब्द ऐकवून पाहिले. एवढ्यात शेजारचे नबीलाल दात घासत आले. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला माणूस.

"आप्पा, नुसत्या पान्यानं हुतंय व्हय? पाईप लावा. दांडा लांब झाला की जोर लागत न्हाय."

घरात सुटा पाईप एकच होता आणि त्यावर बैठकीतला नवा पडदा टांगला होता. पडदा खुर्चीवर आला, पाईप पान्यावर चढला. दोघांनी मिळून जोर केला. नट जागचा हलला नाही. गाडी मात्र स्टँडसकट अर्धा फेरा फिरली आणि एक हंस पुसून गेली.

"वजन पायजे," असं म्हणून नबीलाल गाडीवर बसले. बसल्या बसल्या त्यांना आणखी सुचलं. "नट तापवला तर फुगून सुटतो."

गॅसची शेगडी अंगणात न्यायला इरम्मानं साफ नकार दिला. तेव्हा निकिताच्या हातातला केस वाळवायचा ड्रायर आणला गेला. ती ओल्या केसांनी दारात उभी राहिली.

"आप्पा, फिरोजभाईचं ग्यारेज चार पावलांवर हाय."

"सुट्टीच्या दिवशी त्याला कशाला तरास?" महालिंगप्पा गाडीखालून म्हणाले.

ड्रायर झाला, हातोडी झाली. साडेदहाच्या सुमारास नट 'कट्' करून बोलला आणि गरगर फिरत हातात आला. महालिंगप्पांचा चेहरा उजळला. पाठोपाठ ऑइलची धार लागली आणि त्यांना घमेल्याची आठवण झाली.

खाली सारवलेलं अंगण, समोर उरलेला एकुलता हंस. त्यांनी भोकावर अंगठा दाबला, पण तेल कडेनं झिरपू लागलं. मग त्यांनी करंगळी घातली. ती दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि धार थांबली. त्याच वेळी दारात जीप थांबली. पाव्हण्यांना ओळखीची गाडी मिळाल्यामुळं ते दीड तास आधीच पोचले होते.

मुलगा बसवराज, त्याची आई महादेवी आणि मामा, असे तिघे उतरले. महालिंगप्पांनी उठायचा प्रयत्न केला. करंगळी आली नाही.

"या, या, आत बसा," त्यांनी डाव्या हातानं पडल्या पडल्या नमस्कार केला. "म्या आलोच."

ते आलेच नाहीत. मग सगळं उघड झालं. इरम्मानं आधी मुलाला वाटेला लावलं, "निकिता, ह्यास्नी आत बसव," आणि ती साबण आणायला धावली.

साबण लावला, बोट निघेना. मामा म्हणाले, "डावीकडं पिळा." नबीलाल गाडीवरूनच म्हणाले, "तापवलं तर..."

"तापवायचं न्हाय," महालिंगप्पा घाईनं म्हणाले.

"पाईप..."

"पाईप तर न्हायच न्हाय."

शेवटी महादेवीनं इरकलीचा पदर खोचला आणि ती गाडीपाशी खाली बसली. तिच्या गोठ्यात आठ म्हशी होत्या.

"भाऊ, तुमी आधी गाडीवरनं उतरा," ती नबीलालना म्हणाली. उतरायला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून ते अजून बसून होते. "अन् आप्पा, वढू नका. म्हैस अडली की असंच हुतंय. जितकं वढावं तितकं आवळतं. सैल पडा. बोटाचा इचारच सोडा. म्या इचारते त्याचं उत्तर द्या. पोरीला सैपाक येतो का?"

या प्रश्नाचं उत्तर इरम्मानं आठ दिवस पाठ करून घेतलं होतं. पण महालिंगप्पांचा सगळा जीव करंगळीत होता.

"भाकरी येत न्हाय," ते म्हणाले. "पिठाची गिरणी घरची, पर भाकरी न्हाय."

इरम्मानं डोळे मिटले.

"सवभाव?"

"तापट. आईवर गेलीय."

"सैल पडतंय," नबीलाल कुजबुजले.

"पोरीला चष्मा हाय, फोटोत दिसला न्हाय, म्हनून इचारते."

"काढून ठिवला व्हता. चष्म्याबिगर तिला म्हैस अन् रेडा सारखाच."

आणि बोट सुटलं. मागोमाग ऑइल सुटलं, उरलेल्या हंसावरून वाहत मामांच्या कोऱ्या चपलांपर्यंत गेलं. महालिंगप्पा करंगळीकडं बघत बसले. ती लाल होती, पण शाबूत होती. लग्नाचं काही शाबूत राहिलं असेल असं इरम्माला वाटेना. महादेवी हात धूत होती. पाव्हणे येऊन तासभर तरी झाला होता.

सगळे आत गेले. बैठकीत फराळाच्या सहा बशा होत्या, सहाही रिकाम्या. निकिता चष्मा लावून बसली होती, केस एव्हाना आपसूक वाळले होते. समोर बसवराज चहा पीत होता.

"आमचं ठरलं," निकिता म्हणाली.

"काय ठरलं?" महालिंगप्पांनी विचारलं.

"लगीन. अर्धा तास झाला."

"मग हाक मारायची न्हाय व्हय?"

बसवराज अदबीनं उभा राहिला.

"मारणार व्हतो," तो म्हणाला. "पर आई तुमाला सैल पडा म्हनत व्हती. मधीच बोलावं वाटलं न्हाय."