भोपळ्याला पहिली सुरी

"एक खिळा म्हणून माझ्या मनानं ठोकता येत नाही या घरात."

हे वाक्य माझ्या कानापासून वीतभर अंतरावर बोललं गेलं. बोलणारी माझी धाकटी जाऊ नीलांबरी खालच्या मजल्यावर होती, आणि मी वरच्या बाथरूममध्ये जमिनीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या घराला हीटिंगसाठी जमिनीत जाळ्या आहेत. त्यांतून गरम हवा वर येते, आणि खालच्यांची मतंही.

"आकाशकंदील पोर्चच्या मधोमध, आणि आपल्या पोरीचे हॅलोवीनचे भोपळे दरवर्षी कचऱ्याच्या डब्यांशेजारी," नीलांबरी म्हणाली.

"हळू बोल. वहिनींना वाईट वाटेल," मोरेश्वर भावजी म्हणाले.

वहिनी म्हणजे मी. मला वाईट वाटलंच. पण पुढचं ऐकू यावं म्हणून तेलाची वाटीसुद्धा हलवली नाही.

आमचं घर म्हणजे काय आहे ते आधी सांगते. दोघे भाऊ, दोघी जावा, एक पोर आणि एक स्वयंपाकघर, असे आम्ही अकरा वर्षं एकत्र राहत होतो. अमेरिकेत एकत्र कुटुंब म्हटल्यावर लोक आम्हाला बघायला यायचे. मंडळाच्या गणपतीत तर स्टेजवर बोलावून आमचा सत्कार झाला. दोघी जावांत मिळून एकच शाल दिली. "तुम्ही एकत्रच आहात ना, म्हणून एकच आणली," असं सेक्रेटरी म्हणाले. ती शाल अजून कोणी पांघरलेली नाही. आधी कोणी पांघरायची, हे ठरत नाही.

आणि मला काय हवं होतं, तर एक छोटंसं, जिने नसलेलं, माझं स्वतःचं स्वयंपाकघर. तिथला मिसळणाचा डबा कोणी हलवणार नाही, एवढंच. माझा नवरा नरेंद्र आणि मी सलग तीन रविवार "लायब्ररीत जातो" असं सांगून फ्लॅट बघून आलो होतो. एक तर इतका आवडला, की मी तिथल्या रिकाम्या ओट्यावर हात फिरवून आले. पण घरात सांगणार कोण? मी बोलले तर थोरलीनं घर फोडलं, नरेंद्र बोलला तर बायकोनं शिकवलं. आणि आता तर धाकटी आधीच नाराज. अशात मी निघाले असते, तर लोक म्हणाले असते, खिळ्यावरून भांडली आणि गेली. मला गोडीनं वेगळं व्हायचं होतं. त्यासाठी आधी गोडी आणायला हवी होती.

ते साल दोन हजार पाच. त्या वर्षी सोमवारी हॅलोवीन आणि मंगळवारी लक्ष्मीपूजन. मी ठरवलं, सोमवारी सगळे बाहेर गेले की पोर्च असा सजवायचा की नीलांबरीनं परत येऊन माझ्या गळ्यात पडावं. चार माणसांच्या स्वयंपाकात चौदा जणांना जेवू घातलेली बाई मी. मला एक पोर्च काय जड?

आदल्या दिवशी पुतणीला विचारून घेतलं. "अनया, तुला कसं डेकोरेशन हवंय गं?"

"समथिंग स्केअरी, काकू. लास्ट इयर यू पुट हळदीकुंकू ऑन द पम्पकिन."

सोमवारी सकाळी सगळे गेल्यावर कामाला लागले. पोर्च बरोबर मधोमध विभागला. डावीकडे दिवाळी, उजवीकडे हॅलोवीन. कोणाचं कोणावर आक्रमण नको म्हणून मध्ये ती पिवळी पट्टी ताणून बांधली. हॅलोवीनच्या सामानात मिळते ना, गुन्ह्याच्या जागी पोलीस लावतात तशी. डावीकडे रांगोळी, आकाशकंदील. उजवीकडे प्लास्टिकचा सांगाडा. तो फार उघडाबोडका दिसत होता, म्हणून त्याला नरेंद्रचा जुना शर्ट घातला. थर्मोकोलच्या थडग्यांवर लाल रंगानं अक्षरं काढली. ब्रश सापडेना, म्हणून बोटांनीच काढली. मग आत गेले आणि भोपळा ओट्यावर घेतला. चांगला बारा-तेरा किलोचा.

आणि सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आमच्या सासूबाईंची एक शिस्त. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची, मग बायकांनी खुशाल चिरावा. का, तर भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण सासूबाईंचा थोरला मुलगा म्हणजे नरेंद्र. उगाच कशाला?

नरेंद्रला फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे," तो कुजबुजला. "भोपळ्याच्या कानाला फोन लाव, मी इथून 'कापला' म्हणतो." आणि ठेवला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात पार्सलवाला होता. उंचापुरा, गोरा, सहा फूट पुरुष. म्हटलं, देवानंच धाडला. तशीच धावले. हातात सुरी होती हे लक्षात होतं, कारण तिचंच तर काम होतं. हात कोपरापर्यंत लाल होते, हे मात्र नव्हतं.

माझं इंग्रजी मी टीव्ही बघून स्वतः शिकलेय. काम भागतं. मी म्हटलं, "सर, प्लीज कम इन. वन कट ओन्ली."

"मॅम?"

"ही इज इन द किचन. इन अवर कस्टम, ही इज लाइक एल्डेस्ट सन. सो लेडी कॅनॉट कट फर्स्ट. यू कट लिटल, देन आय विल डू फुल."

त्याचा चेहरा माझ्या रांगोळीसारखा पांढरा झाला. "इज युअर हजबंड होम, मॅम?"

आता घरात एकटी आहे असं परक्या माणसाला सांगू नये, हे मला नरेंद्रनंच शिकवलंय. त्यामुळे मी नुसता हात हलवून विषय झटकला. तो हात नेमका शर्ट घातलेल्या सांगाड्याकडे गेला.

पार्सल त्यानं पायरीवर ठेवलं, अगदी हळू, जसं काही आत बाळ झोपलंय. आणि पाठ न दाखवता गाडीपर्यंत गेला. मला वाटलं, किती अदबशीर माणूस.

दहा मिनिटांत पोलीस आले.

ऑफिसर पायऱ्या चढून वर आला, पिवळी पट्टी बघितली आणि थबकला. खांद्यावरच्या यंत्रात म्हणाला, "आपल्यापैकी कोणी आधीच येऊन गेलंय का इथं?" पलीकडून काहीतरी खरखरलं. मग माझ्याकडे वळून, "मॅम, ही पट्टी कोणी लावली?"

"आय ओन्ली," मी अभिमानानं म्हटलं.

त्यानं फारच नम्रपणे मला सुरी खाली ठेवायला सांगितली.

मी नरेंद्रला फोन केला, नरेंद्रनं मोरेश्वर भावजींना, भावजींनी नीलांबरीला. नीलांबरी एका बायोटेक कंपनीत लॅबमध्ये असते. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर बातमी "वहिनींना धरून नेलं" अशी झाली होती. अर्ध्या तासात तिघंही धडकले. नीलांबरी लॅबचा पांढरा कोट तसाच घालून आली होती, डोळे लाल. "माझ्या वहिनींना हात लावू नका," असं ती गाडीतून उतरतानाच इंग्रजीत ओरडली. मला भरून आलं. आता हिला सोडून कुठं जायचं, असंही वाटलं, आणि त्या रिकाम्या ओट्याची आठवणही आली. दोन्ही एकदमच.

तोवर ऑफिसरला मी स्वयंपाकघरात नेऊन भोपळा दाखवला होता. नरेंद्रनं त्याला सासूबाईंची शिस्त समजावून सांगितली. ऑफिसर हसून हसून फ्रिजला टेकला. मग टोपी काढून म्हणाला, "मे आय?" आणि भोपळ्याला पहिली सुरी त्यानंच लावली. मी म्हटलं, सुटलो. एक नरेंद्र तेवढा आपल्या मानेला हात लावून बघत होता.

"आता फक्त ती पट्टी," ऑफिसर वही काढत म्हणाला. "ती कशासाठी?"

"दॅट साइड हर, दिस साइड मी," मी म्हटलं. "हाफ हाफ. नो फायटिंग."

खोलीतलं हसू एकदम बंद झालं. नीलांबरी खिडकीपाशी गेली. बाहेरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून आली.

"वहिनी, तुम्ही पोर्चची वाटणी केलीत?"

"अगं, तुझ्यासाठीच केली. तुला खिळा ठोकायला जागा हवी होती ना?"

"ते तुम्ही कसं ऐकलंत?"

"बाथरूमच्या जाळीतून."

मोरेश्वर भावजींचा चेहरा पडला. त्या जाळीखाली ते दोघं अकरा वर्षं काय काय बोलले असतील, ते सगळं त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

ऑफिसरला शब्द कळले नाहीत, पण हवा कळली. आवाज मऊ करून तो म्हणाला, "मला हे विचारावंच लागतं. या घरात सगळे आपल्या खुशीनं एकत्र राहतात ना?"

एवढा साधा प्रश्न. मंडळानं शाल दिली, पण हे कधी विचारलं नव्हतं. मी नरेंद्रकडे बघितलं, नरेंद्रनं भोपळ्याकडे. भावजी छताकडे बघत राहिले. चौघंही हो म्हणायला तोंड उघडून उभे होतो, आणि कोणाच्याच तोंडातून हो निघत नव्हतं.

नीलांबरीनं लॅबच्या कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. ऑफिसरकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, रागावू नका. आम्हाला वेगळं राहायचंय."

अकरा वर्षं धरून ठेवलेला श्वास सोडल्यावर किती मोठा आवाज होतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिला जवळ घेतलं. तिच्या पांढऱ्या कोटावर माझी दहाही लाल बोटं उमटली.

"व्हॉट डिड शी से?" ऑफिसरनं विचारलं.

"गुड न्यूज, सर," मी डोळे पुसत म्हटलं.

आपल्याकडे या दोन शब्दांचा एकच अर्थ होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. नीलांबरीचं काहीच न ऐकता खुर्चीत बसून पुन्हा मान चाचपणाऱ्या नरेंद्रनं तेवढं बरोबर ऐकलं. माझ्या बावन्न वर्षांच्या वयाकडे बघत तो खुर्चीतून असा काही उठला, की ऑफिसरनं मिटलेली वही पुन्हा उघडली.