थोरलीचं दार

माझ्या दुकानात सायकलमध्ये हवा भरायला कोणी आलं की लेले सर त्याला एकच प्रश्न विचारायचे. "काय हो, तिनं दार उघडायला हवं होतं की नको?"

माणूस बावचळायचा. पंपाचा दांडा वर तसाच धरून इकडेतिकडे बघायचा. त्याला वाटायचं, शेजारी चोरीबिरी झाली आणि आता आपल्याला चौकीवर जावं लागतंय. एखादा घाबरत विचारायचा, "कोणी हो?" आणि तिथंच सापडायचा. सर त्याला स्टुलावर बसवून सगळी कादंबरी ऐकवायचे. हवा भरायला आलेला माणूस घरी जाईस्तोवर चाक पुन्हा बसलेलं असायचं.

नारायण पेठेत माझं सायकलदुरुस्तीचं दुकान. मी चौथीत गेलो आणि चौथीतूनच परत आलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी तारा ओढून सरळ केलेलं चाक डुगडुगत नाही, आणि एवढं ज्याला सांगता येतं त्यानं मान खाली घालायचं कारण नाही. लेले सर कॉलेजात मराठी शिकवायचे. लग्न केलं नाही. आमच्याच बोळाच्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहायचे. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी सायकल हातात धरून दुकानात यायचे.

"सोपानराव, आवाज येतोय."

"कुठनं?"

"ते तुम्ही शोधा. मी बसतो."

आवाज कधीच नसायचा. मी आपला चेनवर तेलाचा थेंब सोडायचो आणि ते स्टुलावर बसून बोलायला लागायचे.

कादंबरीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही बाजू घ्याल आणि मला आता नवीन भांडणं नकोत. गोष्ट एवढीच. एका घरातली थोरली सून. नवरा तिला काही न सांगता घर सोडून जातो. ती सासू सांभाळते, दीर वाढवते, केस पांढरे होतात. आणि एका संध्याकाळी नवरा परत येऊन दार वाजवतो. थोरली आतून त्याचा आवाज ओळखते. कडीवर हात ठेवते. आणि कडी काढत नाही. संपली कादंबरी.

सरांचं म्हणणं, तिनं केलं ते योग्यच. "आयुष्यभर ज्यानं तिला विचारलं नाही, त्याला उत्तर मिळण्याचा अधिकार नाही. हा शेवट ज्याला कळला नाही त्याला कादंबरी कळली नाही."

मी म्हटलं, "सर, त्यानं मागच्या दारानं यायचं होतं. घर त्याचंच, त्याला माहीत असणार. आणि मागच्या दाराला कडी कोण घालतंय!"

सरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तुमच्यासारखे वाचक असते, सोपानराव, तर मराठीतल्या निम्म्या कादंबऱ्या पहिल्याच प्रकरणात आटोपल्या असत्या. कागद तरी वाचला असता."

मी माझं म्हणणं सोडलं नाही. आजही सोडलेलं नाही.

पुस्तकातल्या माणसांबद्दल ते असं बोलायचे, जशी ती सगळी त्यांच्याकडे भाड्यानं राहतात. "धाकट्या दिराचं काही खरं नाही." "सासू वरनं कडक आहे हो, आतनं तशी नाही." आमची बायको आतून हे सगळं ऐकायची. तिला वाटलं, ही सरांची सख्खी वहिनी. एका संक्रांतीला ती बाहेर येऊन म्हणाली, "सर, तुमच्या थोरल्या वहिनींना हळदीकुंकवाला बोलवू का? बिचाऱ्या एकट्या असतात." मी पाना तोंडासमोर धरून हसलो. सर हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "पाठवा बोलावणं. पण ती यायची नाही. तिनं हल्ली बाहेर जाणं सोडलंय."

पण सर माझ्याशी भांडायचे ते नाइलाज म्हणून. त्यांचा खरा भिडू वेगळा होता. वाघमारे सर. एकाच कॉलेजात, एकाच विषयाचे, आणि दोघांच्या सायकली माझ्याच दुकानात. वाघमारे सर जाडजूड, मोठ्या आवाजाचे. त्यांचं म्हणणं उलटं: थोरलीनं दार उघडायलाच हवं होतं. नोकरीत होते तेव्हा संध्याकाळी कॉलेज सुटलं की दोघं दुकानासमोर सायकली लावून उभे राहायचे आणि भांडायचे. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं जागेचा वाद आहे. एकदा एक वकील थांबून विचारून गेला.

त्यांच्या वर्गातल्या पोरांनी तर दोघांना पुरतं ओळखलं होतं. पेपर लेले सरांकडे तपासायला गेला तर दार बंद ठेवलेलं बरं, वाघमारे सरांकडे गेला तर उघडलेलं बरं. कोणाकडे जाणार हे कळायचं नाही म्हणून हुशार पोरं लिहायची, 'थोरलीने दार उघडणे उचित ठरले असते, तथापि तिने ते उघडले नाही हेही तितकेच उचित आहे.' दोघेही अशा पोराला नापास करायचे. तेवढ्यावर त्यांचं एकमत होतं.

मग वाघमारे सरांचा निरोप समारंभ झाला. मीही गेलो होतो, मागच्या बाकावर बसलो होतो. लेले सर बोलायला उठले. चार चांगले शब्द बोलायचे सोडून म्हणाले, "वाघमारे उत्तम शिक्षक. फक्त थोरली त्यांना शेवटपर्यंत कळली नाही." पोरं हसली. मग वाघमारे सरांचं उत्तराचं भाषण होतं. ते तसेच ताडकन उठले आणि म्हणाले, "ज्याच्या घरी दार उघडायला कोणी नाही, त्यानं दाराबद्दल बोलू नये."

कोणी हसलं नाही. लेले सरांनी पिशवी उचलली, चष्मा पुसला आणि बाहेर पडले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

पुढं वाघमारे सरांचा मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, हडपसरला त्यानं उंच इमारतीत फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना घेऊन गेला. आई तिकडे वर्षभरात गेली. लेले सरांना ते कळलं तेव्हा ते स्टुलावरून उठले, सायकल घेऊन बोळाच्या टोकापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. भेटायला गेले नाहीत. मानी माणूस. मी त्यांना काय बोलणार, मी स्वतः तसाच.

इकडे आमची पेठही बदलायला लागली. समोरच्या पुस्तकांच्या दुकानाच्या जागी कॉम्प्युटर क्लास झाला. पोरं आता गिअरच्या गाड्यांवरून यायची. हवा भरायला दिवसभरात एखादा यायचा, म्हणजे सरांना प्रश्न विचारायलाही माणूस उरला नाही. मला एक जण म्हणाला, दुकानात मोबाइलची कव्हरं ठेवा. मी त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. सर आणि मी दोघंच. ते थोरलीची बाजू मांडायचे, मी मागचं दार सोडायचो नाही. पण मध्येच ते थांबायचे. कोपऱ्यावरून कोणी मोठ्या आवाजाचा माणूस जात असला की मान वळवून बघायचे. मग म्हणायचे, "तुम्ही हट्टी आहात, सोपानराव, पण तुमच्यापाशी मुद्दा नाही." हे बोलताना त्यांचं लक्ष माझ्याकडे नसायचं.

एका सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. टपावर सायकल बांधलेली. वाघमारे सरांचा मुलगा. "काका, बाबांची सायकल ठेवून घ्या. तिकडे चालवायला जमत नाही त्यांना. ट्रॅफिक फार."

लेले सरांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं. मुलानं ओळखलं, वाकून नमस्कार केला. सर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "कपाळ बापाचं आहे."

मीच विचारलं, "कसे आहेत बाबा?"

"मस्त! काही त्रासच नाही त्यांचा. आधी किती वाद घालायचे. आता काहीही विचारा, हो म्हणतात. एकदम कूल झालेत."

पोरगा कौतुकानं सांगत होता. वर्तमानपत्र खाली आलं. "कोण हो म्हणतो? वाघमारे?"

"हो ना, सर."

गाडी गेल्यावर सर त्या सायकलकडे बघत बसले. घंटीवर धूळ होती, ती त्यांनी बोटानं पुसली. मग म्हणाले, "सोपानराव, वाघमारे हो म्हणायला लागलाय. हे लक्षण काही बरं नाही."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले. "हडपसरची बस कुठून सुटते?" सगळा जन्म पुण्यात गेला आणि हे त्यांना माहीत नव्हतं. सायकलवरून जेवढं पुणे दिसतं तेवढंच त्यांचं पुणे. म्हणाले, "त्याला शेवटचा जाब विचारायचाय. तुम्ही साक्षीला चला."

मी दुकान बंद केलं. बसमध्ये ते कादंबरी मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत दोनदा म्हणाले, "आता कुठलं आलं?" दोन्ही वेळा मी सांगितलं, "अजून पुलगेटच." तिसऱ्यांदा मात्र त्यांनी विचारलं, "दार कोण उघडेल हो?" मी म्हटलं, "सर, तिथं बेल असते."

वॉचमननं हिंदीत चौकशी केली, सरांनी शुद्ध मराठीत उत्तर दिलं, त्यानं कंटाळून सोडलं. वर गेलो. दार वाघमारे सरांनीच उघडलं. मी ओळखलं नाही. अंग उतरलेलं, आणि अर्धी चड्डी घातलेली. लेले सर चड्डीकडे बघत राहिले.

"हे काय?"

"सोयीची असते म्हणतात. बस ना, लेले."

आत सून कानाला ते यंत्र लावून इंग्रजीत बोलत होती. तिनं हातानंच विचारलं, चहा? वाघमारे सर म्हणाले, "चालेल." तिनं टीव्हीकडे बोट केलं, लावू? "चालेल." खिडकी लावू? "चालेल, चालेल." ती चांगली पोरगी होती, सगळं विचारून करत होती. तिचा काही दोष नव्हता.

लेले सरांनी घसा साफ केला. "वाघमारे, मी मुद्द्यावर येतो. थोरलीनं दार उघडलं नाही, ते योग्यच केलं. तुझं काय म्हणणं आहे?"

मी खुर्चीत सावरून बसलो. आता इमारत हादरणार.

वाघमारे सर म्हणाले, "हो. बरोबर आहे तुझं."

मला वाटलं सर खूश होतील. इतक्या वर्षांचं भांडण जिंकले होते. पण त्यांचा चेहरा असा पडला, की मीच नजर वळवली. टीव्हीवर कोणीतरी कोणाला कानाखाली मारत होतं. सरांनी उठून टीव्ही बंद केला. परक्याच्या घरात, न विचारता. आणि परत बसून म्हणाले,

"बरोबर कसं? अजिबात बरोबर नाही. तिनं उघडायला हवं होतं. का, तर तो म्हातारा, दमलेला, पायऱ्यांवर बसून रडतोय. दया म्हणून तरी उघडायचं. हेच म्हणायचास ना तू?"

वाघमारे सरांच्या कपाळावर आठी आली. "पायऱ्यांवर नाही."

"पायऱ्यांवरच."

"ओसरीवर! आणि तो रडत नाही. उगाच काहीतरी बोलू नकोस."

"तेच ते. दया तर होतीच तुझ्या मुद्द्यात."

"दया?" वाघमारे सर खुर्चीतून पुढं सरकले. "दया हा शब्द मी उभ्या आयुष्यात वापरला नाही! माझ्या मुद्द्याची वाट लावलीस तू, लेले! आण ते पुस्तक इकडं." आवाज असा चढला की आतून सून यंत्रावर हात ठेवून धावत आली. "बाबा, काय झालं?"

"तू थांब गं!" मग तिच्याकडे बघून जरा खाली आवाजात, "आणि ती खिडकी उघड. गुदमरायला होतं मला."

मी सरांकडे पाहिलं. ही कादंबरी त्यांना पानापानानं पाठ होती. ओसरी आणि पायऱ्या यांत ते चुकणं शक्य नव्हतं. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

"मग काय होता तुझा मुद्दा? नीट सांग."

"तिनं उघडायला हवं होतं ते स्वतःसाठी!" वाघमारे सरांनी पुस्तकावर थाप मारली. "इतकी वर्षं तिच्या मनात जे साठलंय ते ती सांगणार कोणाला? सासूला? भिंतीला? ज्याच्यावर राग आहे तो समोर आलाय. उघड, त्याला ओसरीवर उभा कर आणि चांगलं झाड! दार लावून घेतलं, आता बस आयुष्यभर एकटी, गिळत. हा मुद्दा होता. कळलं?"

सुनेनं खिडकी उघडली होती. खालून गाड्यांचा आवाज येत होता.

"पटत नाही," लेले सर म्हणाले.

"तुला नाहीच पटणार! ढ आहेस तू! रविवारी ये, बारावं प्रकरण काढून दाखवतो." मग जरा थांबून, खिडकीकडे बघत वाघमारे सर म्हणाले, "निरोपाच्या वेळी मी बोललो ते..."

"चहा गार होतोय," लेले सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये सरांना खिडकीची जागा मिळाली. पुस्तक त्यांनी तिकडेच ठेवलं होतं. मांडी रिकामी होती तरी हात तसेच, पुस्तक धरल्यासारखे. मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती मागं पडल्या. मी म्हटलं, "सर, राग येऊ देऊ नका. पण मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं. मागच्या दाराइतकं नाही, पण बरोबर."

"बरोबरच आहे," सर म्हणाले. "मला केव्हाच पटलंय."

"केव्हा?"

"त्या समारंभातून घरी आलो ना, तेव्हा. कुलूप काढताना." बस थांबली, माणसं चढली, त्यांनी अंग चोरून जागा करून दिली. "पण तुम्ही त्याला हे सांगायचं नाही हं, सोपानराव. पटलं म्हटलं की तो परत हो म्हणायला लागेल."