बाराव्या टेबलाचे अण्णा

एखाद्या सरकारी कागदाच्या मागोमाग तुम्ही कधी चालला आहात का? दामूअण्णा लिमये चालले होते. डोंबिवलीत आम्ही एकाच चाळीत राहत असू आणि कल्याणजवळच्या एका लष्करी कचेरीत एकाच खोलीत कारकुनी करत असू. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात अण्णांनी एक पत्र हेरलं आणि ते ज्या टेबलावर जाईल तिथे, स्वतःच्या फायली काखेत मारून, स्टूल टाकून बसायला सुरुवात केली. डबाही तिथेच खायचे.

"अण्णा, आज आमच्याकडे मुक्काम वाटतं?" जावक कारकून विचारायचा.

"पाहुणा मी नाही, हे पत्र आहे. चार दिवस झाले, तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीत."

त्या पत्राला अकरा टेबलं आणि एकोणीस दिवस लागले. एक जवान इस्पितळात आहे, एवढंच त्याच्या घरी कळवायचं होतं.

"वगळलं तर काय अडतं?" हा प्रत्येक टेबलापाशी अण्णांचा लाडका प्रश्न. चाळीतल्या सत्यनारायणालाही त्यांनी एकेका उपचाराला तो विचारला. शेवटी भटजींनी पळी खाली ठेवली. "अण्णा, तुम्हाला वगळलं तर काही अडत नाही." अण्णांनी तेही वहीत टिपून घेतलं.

माणूस एकटा. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि फळीवर पत्र्याचे चार रिकामे डबे. टेबलं वगळायला निघालेला हा माणूस त्या डब्यांत काही ठेवत नसे आणि कुणी मागितले तर देत नसे. चाळ हसायची. मीही हसलो आहे.

पुढे अण्णांनी कागदांच्या प्रवासाचा मोठा नकाशा काढला. लाल पेन्सिलीने सात टेबलं खोडली. घरी जाणाऱ्या पत्राला चार पुरेत, असं लिहून तो साहेबांपुढे ठेवला. साहेब खूश झाले. महिन्याभरात हुकूम निघाला: कामकाज सुधारण्यासाठी एक नवं टेबल मांडावं, त्यावर लिमये यांनी बसावं आणि प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जावा.

म्हणजे अकराची बारा झाली. गोरा साहेब गेला, झेंडा बदलला, आणि टेबलं मात्र वाढली. खोलीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. जावक कारकुनाने अण्णांना वाकून नमस्कार केला. "अकरा टेबलांचे बारावे वंशज," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "अण्णा, राजीनामा फेका त्यांच्या तोंडावर."

"मग इथे कोण बसेल रे?"

"कुणीही बसेल. सही ठोकेल."

"तेच तर." अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. पोळी तशीच होती. "लढाईत मी याच कचेरीत होतो. एक पत्र आलं. अमुक शिपाई ब्रह्मदेशात कामी आला, घरचा पत्ता पडताळून पुढे पाठवावं. माझ्या टेबलावर ते चार महिने पडलं होतं. मग एका सोमवारी गठ्ठ्याबरोबर सही करून मी ते ढकललं. वाचलं नाही. कुणीच वाचत नसे."

मी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.

"पत्ता माझ्याच घरचा होता. वसंता, माझा धाकटा भाऊ. पत्र घरी आल्यावर मी फाईल उपसली, तेव्हा स्वतःची सही दिसली. ते चार महिने आई दर महिन्याला त्याच्यासाठी लाडूंचा डबा भरायची. पोस्टात मीच टाकायचो. पत्र आलं त्याच आठवड्यात चारही डबे परत आले. घेणारा नाही, असा शेरा मारून."

त्यानंतर आई स्टोव्हजवळ बसलीच नाही, एवढं सांगून ते उठले आणि बाराव्या टेबलावर जाऊन बसले.

ते अजून तिथेच आहेत. प्रत्येक कागद ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि घरी जाणारं पत्र स्वतः चालत जावक कारकुनाच्या टेबलावर नेऊन देतात. साहेब म्हणतात, लिमयांमुळे काम तुंबतं. खोटं नाही. वाचायला वेळ लागतो.

लष्करात, कचेरीत, बँकेत, जिथे कुठे तुम्ही टेबलामागे बसत असाल, त्या तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कुणाची तरी आई या घटकेला डबा भरत असेल. उद्या गेल्या गेल्या तुमच्या ट्रेमधला सगळ्यांत खालचा कागद काढा, पूर्ण वाचा, आणि जेवायला उठण्यापूर्वी पुढे पाठवा.