सातव्या रिळातला पूल

मेहुण्यानं खिशातून बोटाच्या पेराएवढी वस्तू काढून टेबलावर ठेवली, तेव्हा ऑपरेटर शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होते.

"ओळखा पाहू, भाऊजी."

"टोपण आहे कसलं तरी."

"सिनेमा आहे! अख्खा. तुमचा तो पुलाच्या गाण्याचा. तीन महिने शोधत होतो. एका संग्राहकाकडे मिळाला. संध्याकाळी ग्रंथालयात तुमचं भाषण झालं, की लगेच गाणं पडद्यावर. कसं?"

इस्त्री कॉलरवरच राहिली. जळका वास सुटला, तेव्हा आतून बायको म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय."

"कॉलर," ऑपरेटर म्हणाले. खरं म्हणजे बरंच काही जळत होतं.

ऑपरेटरांचं खरं नाव घराच्या दारावरच्या पाटीवर होतं आणि ते वाचून पोस्टमनसुद्धा पुढच्या घरी जात असे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी थिएटरात सिनेमे दाखवले. थिएटर बंद होऊन तिथे फरशांचं दुकान आलं, पण सिनेमातला शेवटचा शब्द म्हणून गाव अजूनही त्यांच्याकडेच बघत असे. कुठलं गाणं कुठल्या प्रसंगात येतं, नायिकेच्या हातात काय असतं, ऑपरेटरांना विचारा. त्यातही पुलाचं गाणं म्हणजे त्यांची जहागीर. सिनेमा अकरा दिवसांत उतरला होता. जे थोडे लोक गेले, तेही त्या गाण्याला चहा प्यायला बाहेर पडले होते. पुढे रेडिओनं ते गाणं डोक्यावर घेतलं आणि ते कसं दिसत होतं हे विचारायला लोक ऑपरेटरांकडे येऊ लागले. ऑपरेटर सांगत. लोखंडी कमानींचा लांबलचक पूल. वारा. नायिका पुढे चालतेय, नायक तिची सायकल हातात धरून चढ चढतोय. ते इतकं सुंदर सांगत, की ज्या गाण्याच्या शब्दांत पूल औषधालाही नव्हता, त्याला गावानं पुलाचं गाणं हेच नाव देऊन टाकलं.

अडचण एवढीच होती, की ऑपरेटरांनी ते गाणं कधी पाहिलंच नव्हतं.

यात त्यांचा दोष नव्हता, धंद्याचा होता. थिएटरात यंत्रं दोन. एकावरचं रीळ संपत आलं, की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जातो. त्या क्षणी दुसरं यंत्र सुरू करायचं. ठिपका चुकला, की पडदा पांढराफटक. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऑपरेटरांचा ठिपका चुकला आणि चारशे माणसांनी अर्धं मिनिट शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्या त्यांच्या कानांतून नंतर कधी गेल्या नाहीत. हे गाणं नेमकं सातव्या रिळाच्या शेवटी. प्रत बारा गावं फिरून, तुटून, जोडून आलेली, त्यामुळे ठिपका केव्हा उगवेल याचा नेम नाही. अकरा दिवस, रोज तीन खेळ, तेहतीस वेळा ऑपरेटर दुसऱ्या यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून, श्वास रोखून, पडद्याचा फक्त उजवा वरचा कोपरा बघत उभे राहिले. त्या कोपऱ्यात त्यांना दिसली एक लोखंडी कमान आणि तिच्यावर राखाडी उजेड. गाण्याआधी नायक सायकल घेऊन निघाला होता. गाण्यानंतर नायिका दमलेली होती. म्हणजे मध्ये पूल आणि चढ असणारच, हा हिशेब कुणीही केला असता.

तरी लोकांचं एक वेळ चाललं असतं. खरी भीती बायकोची होती. ती तेव्हा टेलिफोन खात्यात होती आणि सिनेमा लागलेला असतानाच बागेतल्या बाकावर तिनंच विचारलं होतं, "तुम्ही सिनेमात असता ना? मग ते गाणं आहे तरी कसं?" ऑपरेटरांनी सगळा पूल तिच्यासमोर उभा केला. मग त्याच दमात लग्नाचंही विचारून टाकलं. ती म्हणाली, "दोन दिवसांनी सांगते." आणि दोन दिवसांनी हो म्हणाली. चौतीस वर्षांचा संसार त्या पुलावर उभा होता, आणि आता मेहुणा खिशात सुरुंग घेऊन आला होता.

"तू पाहिलास का?" ऑपरेटरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही. सगळ्यांबरोबरच बघणार." मेहुणा शिक्षण खात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाला होता. शाळा राहिल्या नव्हत्या, पण तपासणी राहिली होती. "एक मात्र सांगतो हं भाऊजी, त्या गाण्यात पूल हा शब्द एकदाही नाही. मी मोजलंय."

"शब्दात कशाला हवा? दिसतो ना."

"तेच म्हणतो मी. दिसू दे."

साडेपाचला ऑपरेटर जळक्या कॉलरवर मफलर गुंडाळून ग्रंथालयात पोचले. हॉलमध्ये साठ खुर्च्या आणि त्यांवर बसायला आलेली ऐंशी माणसं होती. ग्रंथपालबाई पडदा सरळ करत होत्या.

"बाई, मी काय म्हणतो, गाणं दाखवायला नको. माणसाच्या मनातलं मनात राहावं."

"वा! हेच वाक्य भाषणात घ्या," बाई म्हणाल्या. "आणि दाखवायचं तर आहेच. फलकावर लिहिलंय बघा. लोक त्यासाठीच आलेत." मग त्यांना वाटलं हे जरा लागेल. "म्हणजे तुमच्यासाठीही."

"हॉल किती वाजेपर्यंत आपला?"

"साडेसातला कुलूप. त्यानंतर एक मिनिटसुद्धा नाही."

ऑपरेटरांना आशेचा किरण दिसला. सहा ते साडेसात म्हणजे नव्वद मिनिटं. बोलायचं. बोलतच राहायचं.

ते बोलले. पडद्यावर माणसं गातात तेव्हा वाद्यं कुठून वाजतात हे आपण का विचारत नाही, यावर बोलले. खलनायकाला गाणं का नसतं आणि असतं तर तो सुधारला असता का, यावर बोलले. दुःखी गाण्याला माणसं रडतात आणि आनंदी गाण्याला चहाला जातात, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवानं सांगितलं. सात वाजून दहा मिनिटं झाली. लोक हलले नाहीत. ऑपरेटर आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. बुडणारा माणूस पोहतोही बरा.

घात केला तो पहिल्या रांगेतल्या निवृत्त पोस्टमननं. "ऑपरेटर, पुलाचं सांगा ना! तो नावाडी हात करतो ते."

ऑपरेटर दचकले. नावाडी? त्यांच्या पुलाखाली नावाडी कधीच नव्हता. पण ऐंशी डोकी हलत होती.

"हो," ते म्हणाले. "करतो."

"आणि तिचा रुमाल उडतो," दाताच्या डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "पिवळा."

"पिवळाच," ऑपरेटर म्हणाले. सिनेमा काळा-पांढरा होता.

बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्याकडे बघायचं टाळता टाळता ऑपरेटरांच्या लक्षात आलं, की पुलावर आता दिवेही लागले आहेत. भाषण जितकं लांबत होतं तितका पूलही लांबत होता, आणि तो जितका लांब, तितका कोसळताना आवाज मोठा.

"सात पंधरा!" मेहुणा उठला. "आता प्रत्यक्षच बघू. बाई, दिवे."

दिवे जाण्याआधीच्या गडबडीत ऑपरेटरांनी पाय अडकल्याचं निमित्त करून एक वायर उपटली. ती माइकची निघाली.

"असू द्या, बघायला माइक लागत नाही," मेहुणा म्हणाला.

मग अंधार झाला, आणि त्या अंधारात ऑपरेटरांनी आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं पाप केलं. टेबलाशी जाऊन त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगावर झाकण बसवलं.

मेहुण्यानं बटण दाबलं. गाण्याची सुरावट सुरू झाली. पडदा काळा.

"काय झालं?"

"यंत्र गरम झालं असेल," ऑपरेटर म्हणाले. "जुनं आहे. नाही चालायचं."

मेहुणा लॅपटॉपवर एकेक बटण दाबू लागला. त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आवाज आला, चित्र नाही. ग्रंथपालबाईंनी प्रोजेक्टरला हलकी चापट मारली. घड्याळात सात वीस झाले होते. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं असंच चाललं, तर पूल वाचला असता.

तेवढ्यात कुणीतरी शिट्टी मारली.

पाठोपाठ दुसरी. मग पोस्टमनची, दोन बोटं तोंडात घालून, थेट चाळीस वर्षांपूर्वीची. "ऑपरेटर! झोपला का?" कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला.

ऑपरेटर झाकणाशीच उभे होते. डोकं सांगत होतं, थांब. नऊ मिनिटं. हात ऐकत नव्हता. पडदा रिकामा आहे, लोक बसलेत आणि आपण शेजारी उभे आहोत, ही गोष्ट त्या हातानं अठ्ठावीस वर्षांत एकदाच सहन केली होती. चौथ्या शिट्टीला हात आपणहून पुढे गेला आणि त्यानं झाकण काढलं.

पडद्यावर पूल नव्हता.

शिंप्याचं दुकान होतं. लोखंडी कमानीच्या चौकटीचा उंच आरसा आणि त्याच्यासमोर कोटाचं माप देत उभा असलेला नायक. शिंप्याची मुलगी, म्हणजे नायिका, टेप घेऊन त्याच्याभोवती फिरत गात होती. खांदे मोजताना तिची टेप दोनदा घसरली. आकडा विसरत होती, पुन्हा मोजत होती. नायक आरशात स्वतःचा भांग बघत होता. बाकी काही नाही. कमानीवर राखाडी उजेड. सायकल दाराबाहेर.

ऑपरेटर बघतच राहिले. उजवा वरचा कोपरा सोडून त्यांनी प्रथमच उरलेला पडदा पाहिला. गाणं फार सुंदर घेतलं होतं. त्यांच्या पुलापेक्षा कितीतरी सुंदर. शेवटच्या ओळीला कोपऱ्यात ठिपका चमकला, तेव्हा त्यांचा हात सवयीनं नसलेल्या दांड्याकडे गेला.

दिवे लागले.

"तर," मेहुणा फळ्यासमोर उभा असल्यासारखा म्हणाला, "पूल कुठंय, भाऊजी?"

ऑपरेटरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच पोस्टमन उभा राहिला.

"हे ते नाही."

"काय नाही?"

"गाणं हे नाही! मी पाहिलंय ना थिएटरात. पूल कापलाय यांनी."

"कापलाय कसा? गाणं सलग आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत!"

"मग नावाडी कुठंय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिवळा रुमाल कुठंय? तुम्हाला कुणी ही भलतीच प्रत दिली हो?"

"अहो बाई, काळ्या-पांढऱ्या सिनेमात पिवळा..."

"रंगसुद्धा काढलेत!" मागून कुणीतरी म्हणालं.

मेहुण्यानं हॉलभर नजर फिरवली. आयुष्यभर त्यानं चुकणारी मुलं पाहिली होती, पण ऐंशीच्या ऐंशी एकच चूक करणारा वर्ग पाहिला नव्हता. असा वर्ग सापडला की तपासनीस एकच अर्थ काढतो: कुणीतरी पुरवलंय. तो ऑपरेटरांकडे वळला. ऑपरेटर मफलरमध्ये शक्य तितके आत गेले.

"ताई, तू तरी सांग," मेहुणा हट्टाला पेटला. "तू कधी खोटं बोलत नाहीस. पाहिलायस का हा सिनेमा?"

बायको उठली. चौतीस वर्षांत तिच्या तोंडून या सिनेमाला गेल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"पाहिलाय," ती म्हणाली. "पूल होता. बस खाली."

मेहुणा बसला. मोठ्या बहिणीपुढे पुरावा चालत नाही. साडेसात वाजले, ग्रंथपालबाईंनी कुलूप वाजवलं आणि लोक जाताना ऑपरेटरांचा हात दाबून म्हणाले, तुम्ही आहात म्हणून खरं काय ते कळतं. ऑपरेटरांना त्यातल्या एकाला तरी सांगायचं होतं, की बाबा रे, ते शिंप्याचं दुकान पुन्हा एकदा नीट बघ. पण त्या गावात हे वाक्य बोलायची सोय फक्त त्यांनाच उरली नव्हती.

घरचा रस्ता चढाचा होता. ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकांची पिशवी बायकोच्या हातात होती.

"माझ्यासाठी खोटं बोललीस," ऑपरेटर शेवटी म्हणाले.

"अर्धंच. सिनेमा पाहिलाय मी."

"कधी?"

"बाकावरून उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारचा खेळ. तिसरी रांग. म्हटलं, माणूस एवढं सांगतोय तर बघून तरी यावं."

ऑपरेटर रस्त्यातच उभे राहिले. "म्हणजे पूल नाही, हे तुला हो म्हणायच्या आधी माहीत होतं?"

"होतं की."

"तरी हो म्हणालीस?"

"सिनेमातला तो गाणंभर आरशात स्वतःलाच बघत होता," ती म्हणाली. "तुमच्यातला तिची सायकल धरून चढ चढत होता. म्हटलं, हा बरा."

चौतीस वर्षं मनात दडपून ठेवलेलं काहीतरी आता बोलून टाकावं असं ऑपरेटरांना वाटलं. त्यांनी मफलर सोडला, घसा साफ केला.

बायकोनं पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"चौतीस वर्षं वाट बघतेय," ती म्हणाली. "धरा. चढ आहे."